साठवलेला घाव

जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा आणि ५० मिलिमीटर लांबीचा एक बारीक खिळा लाकडावर उभा धरा आणि त्याच्या डोक्यावर सावकाश वजन वाढवत न्या. लाकडात शिरायचं राहिलं दूर, साधारण ८ किलोचा भार आला की तो मधोमध बाक घेईल. हा आकडा हवेतून काढलेला नाही. उभ्या काठीवर किती भार आला म्हणजे ती वाकेल, हे तिची जाडी, लांबी आणि धातूचा ताठपणा यांवरून आधीच सांगता येतं, असं लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ मध्ये दाखवून दिलं. त्याच्या सूत्रात पोलादाचा ताठपणा घातला की या खिळ्यासाठी उत्तर ८ किलोच्या आसपास येतं.

आता तसाच एक खिळा बॅटरीवर चालणाऱ्या नेलगनमध्ये भरा. गनचं नाक सागवानी पट्टीवर दाबा आणि चाप ओढा. ‘टक्’ असा एकच आवाज होतो. खिळा पट्टीतून खालच्या प्लायमध्ये सरळसोट उतरलेला असतो आणि त्याचं डोकं लाकडाच्या पृष्ठभागापासून अर्धा-एक मिलिमीटर आत गेलेलं असतं. सागवानात एवढं खोल शिरायला ८ किलोच्या कितीतरी पट जोर लागतो. मग खिळा वाकला कसा नाही?

याचं अर्धं उत्तर गनच्या नाकात दडलेलं आहे. तिथे खिळ्याच्या अंगाला घट्ट बसेल एवढीच अरुंद फट असते. वाकायचं तर खिळ्याला बाजूला सरकायला जागा हवी, आणि इथे ती नाहीच. टोक लाकडात शिरलं की पुढचं काम लाकूड करतं. चारी बाजूंनी ते खिळ्याला धरून ठेवतं. नाक लाकडावर घट्ट टेकलेलं असलं, तर खिळा एका बंदिस्त वाटेतून दुसऱ्या बंदिस्त वाटेत जातो आणि मध्ये कुठेही उघडा पडत नाही. ऑयलरच्या हिशेबात लांबी निम्मी झाली की वाकायला चौपट भार लागतो. मोकळी लांबी शून्याकडे गेली, की सव्वा मिलिमीटरची तार पहारीसारखी वागते.

उरलेलं उत्तर वेळेत आहे. हा सगळा प्रवास काही मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत आटोपतो. आपली पापणी मिटायला याच्या वीस-तीस पट वेळ लागतो. वाकायलाही वेळ लागतोच. खिळ्याच्या मधल्या भागाला जागचं हलून बाजूला जावं लागतं, आणि तो हलायच्या आत खिळा लाकडात गेलेला असतो.

नेलगन हे नाव ऐकलं की खिळा गोळीसारखा उडत जाऊन रुतत असेल असं वाटतं. तसं होत नाही. आत एक पोलादी पातं असतं. ते खिळ्याच्या डोक्याला भिडतं आणि शेवटपर्यंत त्याला रेटत नेतं. खिळा मोकळा उडतो तो फक्त काहीतरी चुकलं तर, आणि तसं होऊ नये म्हणूनच नाक लाकडावर दाबल्याशिवाय गन चालत नाही. थोडक्यात, ही एक हातोडी आहे. तिचा घाव तुम्ही मारण्याच्या आधीच कुठेतरी साठवून ठेवलेला असतो. कुठे आणि कसा, हे कळलं की कोणती गन घ्यावी हा प्रश्न निम्मा सुटतो. माझ्या मते या अवजारातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट तीच.

थोडा हिशेब करू. समजा, खिळा आत जाताना सरासरी ८० किलोचा विरोध करतो आणि त्याला ५ सेंटीमीटर ढकलायचं आहे. त्याला साधारण ४० ज्यूल ऊर्जा लागते. ऊर्जा अगदीच किरकोळ आहे. पण ती ४ मिलिसेकंदांत द्यायची म्हटलं की आकडा १० किलोवॅटवर, म्हणजे सुमारे १३ अश्वशक्तीवर जातो. १०० सीसीच्या मोटरसायकलचं इंजिन साधारण ८ अश्वशक्तीचं असतं. गनच्या मुठीखाली अडकवलेली १८ व्होल्टची छोटी बॅटरी एवढी शक्ती एकदम देऊच शकत नाही. द्यायला गेली तर तापून निकामी होईल.

मग तिने करायचं काय? शेतात पाखरं हाकणारा माणूस गोफण फिरवतो तेव्हा दगडात वेग एका हिसक्यात येत नाही. दोन-चार गरगर फेऱ्यांत तो साठतो आणि सुटतो मात्र एका क्षणात. बॅटरीलाही हेच करावं लागतं. अर्धा-एक सेकंद थोडी थोडी ऊर्जा कशात तरी भरायची आणि चाप ओढला की ती एकदम मोकळी करायची. बिनवायरच्या नेलगनचे जेवढे प्रकार आहेत, ते सगळे या ‘कशात तरी’ची निरनिराळी उत्तरं आहेत.

बॅटरीची ऊर्जा किती हेही बघण्यासारखं आहे. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६ वॅट-तास मावतात. विजेच्या बिलातल्या एका युनिटचा हा जेमतेम अठ्ठाविसावा भाग. तेवढ्यावर शेकडो बारीक खिळे बसतात. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी एका चार्जिंगला रुपयाचीही वीज लागत नाही.

ज्या खिळ्यासाठी आपण हा खटाटोप करतो, तो एके काळी किती मोलाचा होता! अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत लोक घर सोडून दुसरीकडे जाताना जुनं घर जाळत आणि राखेतून खिळे वेचून नेत. ते थांबवण्यासाठी १६४५ च्या सुमारास तिथे कायदा करावा लागला. थॉमस जेफरसनने १७९४ मध्ये आपल्या माँटिसेलोच्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना काढला. तिथे भट्टीपुढे बसून एकेक खिळा घडवणारी होती गुलाम मुलं, दहा ते सोळा वर्षांची. पुढे पत्रा कापून खिळे पाडणारी यंत्रं आली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेचे खिळे आले आणि खिळा कवडीमोल झाला. तेव्हा महाग उरला तो फक्त ठोकणारा हात. १९५० च्या सुमारास अमेरिकेत घरबांधणीसाठी हवेच्या दाबावरच्या गन आल्या, आणि १९८६ मध्ये पॅसलोड कंपनीने ‘इम्पल्स’ नावाची गन बाजारात आणली. तिने हवेची नळी पहिल्यांदा तोडली.

बिनवायरच्या गनची ही पहिली जात. त्या गनने घाव साठवला होता ज्वलनशील वायूत. बोटभर डबीतला वायू थोडासा दट्ट्याच्या डोक्यावर सोडायचा, छोट्या पंख्याने तो हवेत मिसळायचा आणि ठिणगी टाकायची. स्फोटाने दट्ट्या खाली जातो आणि खिळा बसतो. म्हणजे हातात धरलेलं एक इंजिनच, फक्त दर चापाला एकदाच पेटणारं. बॅटरी लागते ती ठिणगीला आणि पंख्याला. अशा गन आजही मिळतात. वजनाला हलक्या असतात, ठोका दमदार असतो. पण वायूची डबी संपते, तिला वापरायची मुदत असते, आत काजळी धरते म्हणून वेळोवेळी साफ करावी लागते आणि बंद खोलीत जळक्या वायूचा वास राहतो. घरातल्या नाजूक कामासाठी मी ती निवडणार नाही.

दुसरी जात गरगरणाऱ्या चाकाची. नाक लाकडावर दाबलं की आत एक जड चाक वेग घेऊ लागतं आणि बारीक ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. चाप ओढला की पातं त्या फिरत्या चाकावर दाबलं जातं, आणि चाक नुसत्या घर्षणाने पात्याला पुढे भिरकावतं. चाकाचा वेग पात्यात, पात्याचा खिळ्यात. मग स्प्रिंग पात्याला मागे ओढून जागेवर आणते. डीवॉल्टच्या फिनिशिंगच्या गन या पद्धतीच्या आहेत. रचना सुटसुटीत आणि दुरुस्तीला सोपी. पण पहिल्या खिळ्याआधी चाकाला वेग घ्यायला क्षणभर द्यावा लागतो. हवेच्या गनची सवय असलेल्या मिस्त्रीला हा क्षण फार खुपतो.

तिसरी जात मला सगळ्यांत देखणी वाटते. यात एका बंद नळकांड्यात दाबलेला वायू कारखान्यातच कायमचा भरलेला असतो. मिलवॉकीच्या गनमध्ये तो नायट्रोजन असतो, कारण तो कोरडा असतो, गंज आणत नाही. मोटर दातेरी चाकाने दट्ट्याला उचलत वर नेते, वायू आणखी दाबला जातो आणि दट्ट्या अगदी सुटायच्या बेतात येऊन थांबतो. चाप ओढला की मोटर त्याला शेवटचा केसभर पुढे ढकलते, दाते सुटतात आणि वायू दट्ट्याला खाली झोकून देतो. लगेच मोटर पुढच्या ठोक्याची तयारी करते. वायू खर्च होत नाही. तोच पुन्हा पुन्हा दाबला जातो आणि पसरतो. म्हणून चाप आणि ठोका यांत वाट पाहावी लागत नाही. हातात हवेच्या गनसारखाच भास होतो. बदल्यात वजन वाढतं, आणि नळकांड्याची गळती सुरू झाली तर ते काम घरी होत नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी : बॅटरी काढली तरी त्या नळकांड्यातला दाब तसाच असतो. घाव आतच बसलेला असतो.

आपल्याकडे फर्निचरच्या कामावर आजही राज्य आहे ते कॉम्प्रेसरचं. तिथे घाव टाकीत साठवतात आणि नळीने गनपर्यंत आणतात. बारीक खिळ्यांची हवेची गन सव्वा-दीड किलोची असते. स्वस्त असते, वर्षानुवर्षं टिकते आणि बिघडलीच तर रबरी वॉशर बदलला की पुन्हा चालू होते. एका जागी बसून दिवसभर वॉर्डरोबचे खोके ठोकायचे असतील, तर बॅटरीची गन घेण्यात अर्थ नाही. ती तीन किलोच्या आसपास भरते, आणि तिची किंमत हवेच्या गनच्या कित्येक पट असते.

तिचं खरं घर म्हणजे कामाचा शेवटचा टप्पा. भिंतींना रंग लागलाय, दाराला पॉलिश झालंय, घरातली माणसं राहायला आलीत आणि फक्त चौकटीची पट्टी, स्कर्टिंग आणि चार बीडिंग राहिलेत. अशा वेळी पंधरा मीटर नळी खोल्याखोल्यांतून ओढत न्यायची म्हणजे ताज्या रंगावर काळा ओरखडा ठरलेलाच. त्यात कॉम्प्रेसर मध्येच घरघरायला लागतो, आणि मुंबई-पुण्याच्या कित्येक सोसायट्यांत दुपारी आवाज करायला बंदी असते. शिडीवर चढून छताजवळची पट्टी बसवताना एक हात पट्टीला लागतो, एक गनला. नळी सांभाळायला तिसरा हात नसतो. अशा कामात तीन किलोचं वजनही हलकं वाटायला लागतं.

हातोडीशी तुलना केली की या अवजाराचं मोठेपण आणखी उघड होतं. दहा मिलिमीटरची नाजूक सागवानी पट्टी फेविकॉल लावून ठेवली आणि हातोडीने बारीक खिळा ठोकायला घेतला, की पहिल्या घावाला पट्टी ओल्या फेविकॉलवर केसभर सरकते. दुसऱ्या घावाला आणखी सरकते. कोपऱ्यातला ४५ अंशांचा जोड तोवर उघडतो. शेवटी डोकं आत घालायला पंच लावावा लागतो, आणि तो निसटला तर लाकडावर चंद्रकोरीचा ठसा उमटतो. गनच्या ठोक्यात पट्टीला सरकायला वेळच मिळत नाही. ती जिथे धरली तिथेच अडकते.

हे अवजार ज्या घरांसाठी घडलं, ती घरं आपल्या घरांसारखी नाहीत, हे निवडताना विसरू नये. अमेरिकेत भिंतीच्या आत लाकडी खांब असतात, साधारण दर १६ इंचांवर, म्हणजे सुमारे ४० सेंटीमीटरवर एक. वर जिप्समचा पातळ तक्ता. तिथे स्कर्टिंगवर गन टेकवली की मागे लाकूड सापडतंच. आपल्या भिंती विटांच्या आणि काँक्रीटच्या. प्लॅस्टरमध्ये हा बारीक खिळा धड रुतत नाही, आणि काँक्रीटवर तर उलटा वळतो. म्हणून आधी ड्रिलने भोक, त्यात गिट्टी, स्क्रूने पक्की केलेली लाकडाची किंवा प्लायची पट्टी, आणि मग तिच्यावर गनने शेवटची सजावट. काँक्रीटमध्ये थेट मारायच्या गन वेगळ्या, त्यांचे खिळेही कडक पोलादाचे. परदेशी व्हिडिओ पाहून भुललेल्यांची नेमकी इथेच निराशा होते.

आता खिळ्याकडे वळू, कारण गनपेक्षा त्याची निवड जास्त महत्त्वाची. गेजचा आकडा वाढतो तसा खिळा बारीक होतो. १६ गेजचा साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेजचा १.२, आणि २३ गेजचा फक्त ०.६ मिलिमीटर. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात खोक्यावर एफ आणि टी ही अक्षरं असतात : एफ म्हणजे १८ गेज, टी म्हणजे १६. पुढचा आकडा लांबीचा. एफ-३० म्हणजे ३० मिलिमीटर.

घरात एकच गन घ्यायची असेल तर १८ गेजची घ्या. बीडिंग, लिपिंग, ड्रॉवरची मागची बाजू, चौकटीची पट्टी एवढं सगळं ती करते, आणि तिचं छिद्र बोटाच्या टोकाएवढ्या पुट्टीने बुजतं. दरवाजाची जाड चौकट किंवा रुंद स्कर्टिंग यांना १६ गेज बरा. २३ गेजला डोकं जवळजवळ नसतंच. त्याचं छिद्र शोधावं लागतं, पण पकडही तेवढीच कमी. फेविकॉल सुकेपर्यंत एखादी नक्षीची पट्टी जागेवर धरायला तो उत्तम.

लांबीचा साधा ठोकताळा असा, की वरच्या पट्टीच्या जाडीच्या अडीच-तीन पट खिळा घ्यावा, म्हणजे दोन तृतीयांश भाग खालच्या लाकडात जातो. पण ठोकताळ्याच्या आधी बेरीज करावी. १२ मिलिमीटरची पट्टी १८ मिलिमीटरच्या प्लायवर बसवायची, तर दोन्ही मिळून जाडी झाली ३०. तिथे एफ-३० घातला आणि गनने डोकं मिलिमीटरभर आत नेलं, की टोक पलीकडच्या सनमायक्यातून बाहेर डोकावणार. तिथे एफ-२५ हवा. तीच पट्टी प्लायच्या कडेवर लावायची असेल तर खोली भरपूर मिळते, एफ-३० खुशाल चालतो. पण तिथे खिळा प्लायच्या थरांमध्ये शिरतो आणि त्यांना पाचरीसारखा फाकवतो, म्हणून बारीक गेजच बरा.

गनचा एक खिळा खिळ्यांच्या जोडलेल्या पट्टीतून तोडून बोटांत धरा आणि त्याचं टोक नीट पाहा. ते सुईसारखं टोकदार नसतं. ते पटाशीसारखं असतं, दोन बाजूंनी तासलेलं आणि मध्ये एक बारीक धार. ही धार गनच्या मॅगझिनच्या, म्हणजे खिळे भरायच्या कप्प्याच्या, दिशेने लांब असते. सगळी गंमत या धारेत आहे. खिळ्याला लाकडात कडक गाठ लागली किंवा रेषा आडव्या आल्या, की तो धारेच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला वळतो. म्हणून गन पट्टीला आडवी धरावी. मॅगझिन पट्टीच्या लांबीशी काटकोनात असलं, की खिळा वळला तरी पट्टीच्या लांबीत वळेल आणि आतच राहील. तेच मॅगझिन पट्टीच्या लांबीला समांतर धरलं, तर वळलेला खिळा अरुंद बाजूने बाहेर येतो. तिथे बहुतेक वेळा पट्टी धरणारी डाव्या हाताची बोटं असतात.

आडवं धरण्याचा दुसरा फायदा त्याहून सुंदर आहे. धार रेषांना आडवी पडली की ती तंतू कापत जाते. रेषांच्या दिशेने पडली तर ती तंतूंच्या मध्ये घुसून त्यांना फाकवते, आणि पट्टीला चीर जाते. जुने सुतार खिळ्याचं टोक हातोडीने ठेचून बोथट का करत, त्याचं कारणही हेच. बोथट टोक तंतू चिरडत-तोडत जातं, पाचर होऊन फाकवत नाही.

आत गेलेला खिळा पकडतो तो मात्र अखंड राहिलेल्या तंतूंच्या जोरावर. खिळा शिरताना बाजूचे तंतू खालच्या दिशेने वाकतात आणि स्प्रिंगसारखे त्याच्या अंगावर दाब देत राहतात. बाहेर ओढायला गेलं की ते उलटे अडतात. पुष्कळ खिळ्यांवर राळेसारखा पातळ लेप असतो. आत जाताना घर्षणाने खिळा तापतो, लेप मऊ होतो आणि निवल्यावर लाकडाला चिकटून बसतो. चार मिलिसेकंदांत खिळा आपला गोंदही वितळवून घेतो!

तरीही या खिळ्यावर भार टाकू नये. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, आणि दर वर्षी त्या तंतूंची पकड थोडी सैल होते. १८ गेजचं काम एवढंच, की फेविकॉल सुकून ताकद धरेपर्यंत दोन लाकडं एकमेकांना चिकटून राहावीत. त्यानंतर जोड गोंद सांभाळतो. जिथे गोंद लावता येत नाही, तिथे दोन खिळे एकमेकांकडे किंचित कलते मारावेत. सरळ ओढीने ते निघत नाहीत. आणि बिजागरी, फळी, कप्पा अशा वजन पेलणाऱ्या ठिकाणी स्क्रूच हवा.

कोकणात आणि गोव्यात खारी हवा बारीक खिळ्याला लवकर खाते. शिवाय टॅनिन असलेल्या लाकडात साधं लोखंड ओलाव्याशी मिळालं की भोवती काळा डाग पसरतो, आणि तो पॉलिशखालूनही दिसतो. स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दारावर आणि किनाऱ्याजवळच्या घरात स्टेनलेस स्टीलचे खिळे घ्यावेत. महाग पडतात, पण अशा जागी काटकसर करू नये.

दुकानात गन हातात घ्याल तेव्हा आधी तिच्या नाकाकडे बघा. टोक नेमकं कुठे टेकतंय हे डोळ्यांना दिसतं का? जाडजूड नाकाची गन कितीही ताकदवान असली, तरी बीडिंगच्या तीन मिलिमीटरच्या खोबणीत ती आंधळी ठरते. नाकावर रबरी टोपी आहे का, खोली कमी-जास्त करायचं चाक अंगठ्याने फिरतं का, अडकलेला खिळा अवजाराशिवाय काढता येतो का, हे बघा. खिळे संपत आले की गन आपोआप अडते का, हे जरूर विचारा. रिकाम्या गनचं पातं पॉलिश केलेल्या सागवानावर आदळलं, तर खिळा नसतो पण खड्डा पडतो. घरात आधीच एखाद्या कंपनीचं ड्रिल असेल, तर त्याच बॅटरीची नुसती गन घेणं सगळ्यांत शहाणपणाचं.

वापरताना आधी टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन खिळे मारून खोली जुळवा. सागवानाला जुळवलेली खोली एमडीएफला चालत नाही. तिथे खिळ्याभोवती भुसा उचलून बारीक उंचवटा येतो आणि तो घासून काढावा लागतो. डोकं कधी वर राहतं, कधी आत जातं, असं झालं तर दोष बॅटरीचा असेलच असं नाही. पातं खाली झेपावतं तेव्हा गनचं अंग तेवढ्याच धक्क्याने वर उचललं जातं. हात सैल असेल तर खिळा पुरता बसायच्या आत नाक लाकडापासून सुटतं, आणि साठवलेला घाव थोडा हवेत जातो. नाक घट्ट दाबा, आणि आवाज झाल्यावरही क्षणभर दाबून ठेवा.

चापाच्या दोन मुख्य पद्धती असतात. एकीत दर खिळ्याला आधी नाक दाबायचं आणि मग चाप ओढायचा. दुसरीत चाप ओढूनच ठेवायचा आणि नाक टेकवत जायचं; जिथे टेकेल तिथे खिळा. दुसरी वेगवान आहे, आणि धोक्याचीही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे, की या पद्धतीत इजा होण्याचा धोका पहिलीच्या दुप्पट असतो. त्याच पुस्तिकेनुसार तिथे नेलगनच्या जखमा घेऊन दर वर्षी सुमारे ३७,००० माणसं तातडीच्या उपचारांसाठी दवाखान्यात येत. फिनिशिंगच्या कामात घाई नसतेच, म्हणून पहिलीच पद्धत ठेवावी. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि पट्टी धरणारा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा दूर. अडकलेला खिळा काढताना आधी बॅटरी बाहेर, नाक स्वतःपासून दूर, आणि वायूच्या नळकांड्याची गन असेल तर आतल्या दाबाची आठवण. स्कर्टिंग मारण्याआधी भिंतीतून विजेचे पाइप कुठून गेलेत हे विचारून घ्यावं. ५० मिलिमीटरला पाइप फार लांब नसतो.

छिद्रं बुजवायची पद्धत पॉलिशवर ठरते. रंग लागणार असेल तर पुट्टी भरून घासली की झालं. लाकडाचा रंग दिसायचा असेल, तर त्याच लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये मळून भरतात. पण फेविकॉल पसरला तर तिथे पॉलिश धरत नाही आणि फिकट डाग राहतो. म्हणून पॉलिशचा पहिला हात मारल्यावर, रंग जुळवलेली मेणाची किंवा लाकडाची पुट्टी टोचून भरणं मला जास्त पसंत आहे. खिळे रेषेच्या गडद पट्ट्यात मारले तर पुट्टी जवळजवळ ओळखू येत नाही.

आणि पुढे कधी ती पट्टी काढायची वेळ आली, तर समोरून खिळे उपटायला जाऊ नका. पातळ पटाशी सरकवून पट्टी हळूहळू सुटी करा. बहुतेक खिळे तिच्यासोबत मागून बाहेर येतात. मग मागच्या बाजूने टोक पकडीत धरून खिळा तसाच मागे ओढून काढा. डोकं इतकं लहान असतं, की ते लाकडातून निमूट निघून येतं आणि समोरची पुट्टीसुद्धा जागची हलत नाही.